काळ्या समुद्राचे दार : रशियाच्या सामुद्रधुनी-धोरणाचा विचार

रशियाच्या परराष्ट्रनीतीविषयी जी विधाने पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत, त्यांत न गोठणाऱ्या बंदराच्या हव्यासाचे विधान सर्वांत दीर्घायुषी ठरले आहे. पीटर दि ग्रेटपासून स्टालिनपर्यंत प्रत्येक सत्ताधाऱ्याची दृष्टी कॉन्स्टँटिनोपलवर खिळलेली होती. राजे गेले, राज्यपद्धती पालटली, परंतु दक्षिणेकडे सरकण्याची ओढ कायम राहिली, असा त्या विधानाचा आशय असतो. एकोणिसाव्या शतकात त्याच्या पुष्ट्यर्थ पीटरचे एक तथाकथित मृत्युपत्रही पुढे करण्यात येत असे. त्याचा सारांश १८१२ साली, म्हणजे नेपोलियन रशियावर चालून जात असताना, लेस्यूर या लेखकाच्या ग्रंथातून पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. विस्तृत पाठ १८३६ मध्ये शेव्हालिए देआँ याच्या आठवणी म्हणून छापलेल्या पुस्तकात आला. कॉन्स्टँटिनोपल आणि हिंदुस्थान यांच्या शक्य तितके निकट जावे, असा उपदेश पीटरने आपल्या वारसांना केल्याचे त्यात दाखविले आहे. हा दस्तऐवज बनावट असल्याचे संशोधकांनी केव्हाच सिद्ध केले. परंतु बनावट कागद बाद झाला, तरी त्याने रुजविलेली कल्पना बाद झाली नाही. लंडन आणि कलकत्ता येथील कारभाऱ्यांना ती फार सोयीची होती, हे तिच्या दीर्घायुष्याचे एक कारण मानावे लागते.

बॉस्फरस आणि डार्डानेल्स या दोन सामुद्रधुन्यांसंबंधीचे तह, टिपणे आणि पत्रव्यवहार ओळीने वाचू लागले म्हणजे चित्र पुष्कळ निराळे दिसते. रशियाला येथे दोन गोष्टी हव्या होत्या. आपली जहाजे काळ्या समुद्रातून बाहेर जाता यावीत, ही एक. आणि इतरांच्या युद्धनौका आत येऊ नयेत, ही दुसरी. पहिलीसाठी दार उघडे हवे, दुसरीसाठी बंद. दार केवळ आपल्यापुरते उघडे आणि जगाला बंद असावे, अशी इच्छा सेंट पीटर्सबर्गला अधूनमधून होत असे यात नवल नाही. परंतु या दोहोंपैकी एकीचीच निवड करण्याचा प्रसंग आला तेव्हा रशियाने बहुधा दुसरीच निवडली. प्रत्यक्ष कॉन्स्टँटिनोपल घेण्याचा निश्चय राज्याच्या अधिकृत धोरणाचा भाग झाला तो महायुद्धाच्या धुमश्चक्रीत, १९१५ साली. त्यापूर्वीच्या सुमारे दीडशे वर्षांत तो विचार अनेकदा मनात आला आणि अनेकदा दूर सारला गेला. तो का दूर सारला गेला, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

भूगोलाची थोडी आठवण ठेवणे अवश्य आहे. काळ्या समुद्राला महासागराकडे जाण्याची वाट एकच. बॉस्फरसची लांबी सुमारे ३० किलोमीटर, आणि काही ठिकाणी तिची रुंदी एक किलोमीटरही भरत नाही. पुढे मार्मारा समुद्र, आणि त्यापलीकडे सुमारे ६० किलोमीटर लांबीची डार्डानेल्स. तिचाही सर्वांत अरुंद भाग एक किलोमीटरहून थोडाच अधिक. दोन्ही तीरांवर तोफा असलेल्या सत्तेच्या इच्छेविरुद्ध येथून आरमार नेणे हे मोठे धाडसाचे काम होय. नीस्टर, नीपर आणि डॉन या नद्यांच्या खोऱ्यांतील सुपीक काळ्या मातीचे धान्य ज्या समुद्राकडे वाहून येते, त्याच्या दाराची किल्ली पंधराव्या शतकापासून ऑटोमन सुलतानाच्या कमरेला होती.

१७७४ च्या कुचुक-कायनार्जी येथील तहाने हे दार प्रथम किलकिले झाले. कॅथरिनने युद्ध जिंकून रशियाच्या व्यापारी जहाजांसाठी काळ्या समुद्रात संचाराचा आणि सामुद्रधुन्यांतून ये-जा करण्याचा हक्क मिळविला. युद्धनौकांचा हक्क मात्र या तहात नाही. व्यापारी जहाज आणि युद्धनौका हा भेद पुढील सर्व इतिहासाचा कणा आहे. तो दृष्टिआड केला की ‘खुल्या’ आणि ‘बंद’ सामुद्रधुन्यांविषयीची चर्चा निरर्थक होते, आणि दुर्दैवाने ती तशी पुष्कळदा झालेली आहे. १७८३ मध्ये क्रिमिया रशियात सामील झाला, १७९४ मध्ये ओडेसाची स्थापना झाली. कॅथरिनने १७७९ साली जन्मलेल्या आपल्या नातवाचे नाव कॉन्स्टंटाईन ठेवले आणि १७८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या दुसऱ्या जोसेफला पत्र लिहून ग्रीक साम्राज्याच्या पुनरुज्जीवनाची योजना मांडली, याचा उल्लेख सर्वत्र आढळतो. परंतु त्या योजनेतून पदरात पडला तो क्रिमिया, आणि नातू बादशहा झाला नाही. राजदरबारातील स्वप्ने आणि राज्याचे धोरण यांत अंतर असते, हे या प्रकरणातही दिसते.

रशियन आरमार सामुद्रधुन्यांतून प्रथम बाहेर पडले ते तुर्कस्तानचा मित्र म्हणून. १७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तवर उतरल्यामुळे सुलतान आणि झार यांची युती झाली, उशाकोव्हच्या नेतृत्वाखालील आरमार भूमध्य समुद्रात गेले आणि १७९९ मध्ये त्याने कोर्फू घेतले. ही सवलत युतीबरोबर आली आणि युतीबरोबरच गेली. नंतर फेब्रुवारी १८०७ मध्ये ब्रिटिश नौसेनानी डकवर्थ डार्डानेल्समधून बळाने आत शिरला आणि परतताना नुकसान सोसून बाहेर पडला. १८०९ मध्ये ब्रिटन व तुर्कस्तान यांच्यात झालेल्या तहात परकी युद्धनौकांना मज्जाव करण्याचा ऑटोमन साम्राज्याचा प्राचीन नियम मान्य करण्यात आला. बंद दाराचे हे तत्त्व तहाच्या कलमात गोवून घेणारे राष्ट्र ब्रिटन होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कारण पुढे शंभर वर्षांनंतर त्याच तत्त्वाच्या विरोधात बोलताना तेच दिसते.

ऑगस्ट १८२९ मध्ये डिबिच्‌चे सैन्य बाल्कन पर्वत ओलांडून एड्रियानोपलला पोचले. कॉन्स्टँटिनोपलचा मार्ग नकाशावर तरी मोकळा होता. मृत्युपत्राचा सिद्धान्त खरा असता तर हाच तो क्षण. सप्टेंबरमध्ये सम्राट निकोलसने काउंट कोचुबे याच्या अध्यक्षतेखाली निवडक मंत्र्यांची एक गुप्त समिती नेमली. तुर्की साम्राज्य कोसळू द्यावे की टिकवावे, एवढाच प्रश्न तिच्यापुढे होता. समितीचा निर्णय निःसंदिग्ध आहे : युरोपातील ऑटोमन सत्ता टिकविण्यापासून होणारे लाभ तिच्यापासून होणाऱ्या तोट्यांहून अधिक आहेत. कारणमीमांसा अशी की साम्राज्य मोडले तर त्याचे तुकडे घेण्यास इतर महासत्ता धावतील, आणि आज जेथे एक दुबळा शेजारी आहे तेथे उद्या एक किंवा अनेक बलाढ्य शेजारी येऊन बसतील. साम्राज्य आपोआप कोसळलेच, तर मात्र काळ्या समुद्राचे प्रवेशद्वार दुसऱ्या कोणत्याही महासत्तेच्या हाती जाऊ नये यासाठी सर्व उपाय योजावेत, असेही समितीने नमूद केले.

हा निर्णय उदारपणाचा नव्हता. परराष्ट्रमंत्री नेसेलरोड याच्या पत्रव्यवहारावरून त्याचा हिशेब स्पष्ट होतो. रशियाच्या संरक्षणावाचून जगू न शकणारे आणि म्हणून रशियाचे ऐकणारे तुर्कस्तान त्याला हवे होते. एड्रियानोपलच्या तहातील अटी त्या दृष्टीनेच ठरल्या. डोबीवर बसून राहिलेला म्हातारा पहारेकरी आपले ऐकतो, तर त्याला काढून टाकून त्याच्या जागी कोण येईल याची जोखीम का पत्करावी, असा हा विचार होता. त्यातील स्वार्थ उघड आहे. पण तो विजयलालसेपेक्षा सर्वस्वी भिन्न जातीचा स्वार्थ आहे, आणि त्यातून निष्पन्न होणारे आचरणही भिन्न असते.

त्याची प्रचीती चारच वर्षांनी आली. इजिप्तचा पाशा महंमद अली याचा पुत्र इब्राहिम याने डिसेंबर १८३२ मध्ये कोन्या येथे सुलतानाच्या सैन्याचा धुव्वा उडविला. सुलतान दुसरा महमूद याने प्रथम ब्रिटनकडे मदत मागितली. ती मिळाली नाही. मग त्याने आपल्या परंपरागत शत्रूकडे हात पसरला. फेब्रुवारी १८३३ मध्ये रशियन आरमार बॉस्फरसमध्ये आले, आणि एप्रिलपर्यंत हजारो रशियन सैनिक आशियाई तीरावर उंकियार-स्केलेसी येथे तळ देऊन बसले. राजधानीचे रक्षण करण्यासाठी आलेले हे सैन्य राजधानीतच राहील, अशी अटकळ युरोपात बांधली गेली. ८ जुलै १८३३ रोजी आठ वर्षांच्या मुदतीचा संरक्षणतह झाला आणि सैन्य परत गेले.

या तहाला एक गुप्त कलम होते. तुर्कस्तानने रशियाला संकटकाळी सैन्याची मदत देण्याऐवजी डार्डानेल्स परकी युद्धनौकांना बंद ठेवावी, एवढेच त्यात म्हटले होते. पामर्स्टनचा आणि त्याच्याबरोबर ब्रिटिश लोकमताचा असा ग्रह झाला की रशियाने आपल्या युद्धनौकांसाठी मार्ग खुला करून घेतला. कलमात तसे काही नाही. रशियाने मागितले ते बंद दार. मात्र ते बंद ठेवण्याचे वचन त्याने एकट्याने, एका कमकुवत राजाकडून मिळविले होते, आणि खरी आपत्ती तेथे होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये म्युंखेनग्रेट्झ येथे ऑस्ट्रियाशी करार करून निकोलसने ऑटोमन साम्राज्य टिकविण्याचे धोरण पुन्हा मान्य केले. ब्रिटिश समकालीनांना याचा पत्ता असता तरी त्यांनी त्यावर विश्वास ठेवला असता असे वाटत नाही. ज्याच्या हातात तलवार आहे तो दार बंद करीत असला तरी घरात शिरत आहे असेच बाहेरच्यांना दिसते.

ही मक्तेदारी फार काळ टिकण्यासारखी नव्हती, आणि निकोलसलाही ते कळले. १८३९ मध्ये महंमद अलीचे प्रकरण पुन्हा पेटले तेव्हा त्याने बॅरन ब्रुनोव्हला लंडनला पाठवून असे सुचविले की उंकियार-स्केलेसीचा तह मुदत संपताच सोडून देण्यास रशिया तयार आहे. त्या बदल्यात बंद दाराचा नियम सर्व महासत्तांनी मिळून मान्य करावा. १३ जुलै १८४१ च्या लंडन करारात तो मान्य झाला. तुर्कस्तान शांततेत असेल तोपर्यंत दोन्ही सामुद्रधुन्या सर्व राष्ट्रांच्या युद्धनौकांना बंद. एकट्याच्या वचनापेक्षा पाच जणांची हमी बरी, हे त्यामागील गणित होते. रशियाच्या सामुद्रधुनी-धोरणातील हा सर्वांत शहाणपणाचा टप्पा म्हणावा लागेल. परंतु करारातील अट महत्त्वाची होती : ‘तुर्कस्तान शांततेत असेल तोपर्यंत.’ तुर्कस्तान युद्धात उतरताच सुलतान आपल्या मित्रांना दार उघडण्यास मोकळा होता.

जेव्हा निकोलसला या अटीचा विसर पडला तेव्हा क्रिमियन युद्ध आले. जानेवारी १८५३ मध्ये त्याने ब्रिटिश वकील सीमोर याच्याजवळ तुर्कस्तानच्या आजारपणाची आणि वारसाहक्काची भाषा काढली; पाठोपाठ मेन्शिकोव्हला सुलतानाकडे धाडून ऑर्थोडॉक्स प्रजेवरील संरक्षकत्वाची मागणी केली. १८२९ चा हिशेब बाजूस सारून, पहारेकऱ्याचा मालक होण्याचा हा प्रयत्न होता. ऑक्टोबरमध्ये युद्ध सुरू झाले, ३० नोव्हेंबर १८५३ रोजी सिनोप येथे तुर्की नौका रशियन तोफांनी जाळल्या, आणि जानेवारी १८५४ मध्ये ब्रिटिश व फ्रेंच आरमारे काळ्या समुद्रात आली. बंद दारामागे वीस वर्षे सुरक्षित असलेले सेव्हस्तोपोल सप्टेंबर १८५५ मध्ये पडले. १८५६ च्या पॅरिस तहाने काळा समुद्र तटस्थ ठरवून तेथे आरमार व शस्त्रागारे ठेवण्यास रशिया आणि तुर्कस्तान या दोघांनाही बंदी केली. वरवर समान दिसणाऱ्या या बंदीत फार मोठी विषमता होती. तुर्की आरमार मार्मारा समुद्रात राहू शकत होते आणि युद्धप्रसंगी काही तासांत काळ्या समुद्रात येऊ शकत होते; रशियाला मात्र ते उभारण्यापासूनच आरंभ करावा लागला असता.

ही बंदी झुगारण्यास गोर्चाकोव्हने चौदा वर्षे वाट पाहिली. २७ ऑक्टोबर १८७० रोजी मेत्झ पडले, आणि ३१ ऑक्टोबरच्या परिपत्रकाने रशियाने ती कलमे आपणास बंधनकारक नसल्याचे जाहीर केले. मार्च १८७१ च्या लंडन कराराने त्यास संमती दिली. पण त्याच कराराने सुलतानाला शांततेच्या काळातही मित्रराष्ट्रांच्या युद्धनौकांना, पॅरिसच्या तहाच्या रक्षणार्थ, दार उघडण्याची मुभा मिळाली. आरमार ठेवण्याचा हक्क मिळाला खरा. बंद दाराची हमी मात्र तेवढ्या प्रमाणात सैल झाली.

१८७८ चे प्रकरण बहुतेक ग्रंथांत मोठ्या विस्ताराने येते, म्हणून येथे दोनच गोष्टींकडे लक्ष वेधणे पुरेसे आहे. रशियन सैन्य कॉन्स्टँटिनोपलच्या वेशीवर असताना ३ मार्च १८७८ रोजी सान स्तेफानो येथे जो तह सुलतानावर लादला गेला, त्यात सामुद्रधुन्यांविषयी केवळ एक मागणी आहे : युद्ध असो वा शांतता, रशियन बंदरांकडे जाणाऱ्या तटस्थ राष्ट्रांच्या व्यापारी जहाजांना वाट खुली असावी. रशियन युद्धनौकांसाठी हक्काची मागणी नाही. दुसरी गोष्ट बर्लिनच्या परिषदेतील. सॉल्सबरीने तेथे घोषित केले की सामुद्रधुन्या बंद ठेवण्याविषयी ब्रिटनचे बंधन सुलतानाच्या स्वतंत्र इच्छेचा आदर करण्यापुरतेच आहे. म्हणजे सुलतान दुसऱ्याच्या दडपणाखाली आहे असे ब्रिटनला वाटल्यास ते बंधन उरत नाही. लगेच शुव्हालोव्हने रशियाच्या वतीने प्रत्युत्तर दिले की बंद दार हे युरोपीय तत्त्व असून ते सर्व महासत्तांवर, एकमेकांप्रती, बंधनकारक आहे. पाऊणशे वर्षांत पक्ष कसे पालटले ते येथे दिसते.

शुव्हालोव्हचे हे प्रत्युत्तर निव्वळ कायदेपंडिताचा काथ्याकूट नव्हते, हे १८८५ साली कळले. मार्चच्या अखेरीस अफगाण सरहद्दीवर पंजदेह येथे रशियन सैन्याने अफगाणांना मागे रेटले आणि ब्रिटन व रशिया यांच्यात युद्धाचा प्रसंग उभा राहिला. ब्रिटनचे बळ समुद्रावर. रशियाचे मर्मस्थान काळ्या समुद्राचा किनारा. ब्रिटिश आरमार तेथे पोचले असते तर मध्य आशियातील वादाचा निकाल ओडेसासमोर लागला असता. परंतु १८८१ च्या त्रिसम्राट करारात बंद दाराचे तत्त्व सर्वांवर बंधनकारक असल्याचे जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांनी मान्य केले होते. त्यानुसार बिस्मार्कने इतर सत्तांसह सुलतानाला दार न उघडण्याचा इशारा दिला, आणि वाद वाटाघाटींत मिटला. हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीच्या इतिहासात पंजदेहचे नाव नेहमी येते. पण तेथील युद्ध टळण्याचे एक कारण डार्डानेल्सच्या तीरावर होते, याचा उल्लेख त्या इतिहासात क्वचितच आढळतो.

यानंतरच्या तीन दशकांत रशियाचे धोरण अस्थिर झाले. बंद दार संरक्षण देते, परंतु आपल्यालाही कोंडते, ही जाणीव वाढत गेली. १८९६ अखेरीस राजदूत नेलिदोव्हने अचानक सैन्य उतरवून बॉस्फरस घेण्याची योजना मांडली. अर्थमंत्री विट्टेने तिला कसून विरोध केला आणि ती मागे पडली. १९०४-०५ च्या जपानी युद्धात काळ्या समुद्रातील आरमार अडकून पडले आणि बाल्टिकमधील जुन्या-नव्या नौकांना अर्ध्या पृथ्वीचा फेरा घालून त्सुशिमाला जावे लागले. १९०८ मध्ये इझ्वोल्स्कीने बुख्लाऊ येथे ऑस्ट्रियाच्या एरेनथालशी सौदा केला : बोस्निया ऑस्ट्रियाने घ्यावा, सामुद्रधुन्यांतून रशियन युद्धनौकांच्या वाटेला त्याने पाठिंबा द्यावा. ऑक्टोबरच्या आरंभी ऑस्ट्रियाने आपला वाटा उचलला. इझ्वोल्स्की त्या वेळी युरोपच्या राजधान्यांतून हिंडत होता. लंडनमध्ये ग्रेने त्याला वेळ योग्य नसल्याचे सांगून परत पाठविले. रशियाच्या मुत्सद्देगिरीतील इतका फसलेला व्यवहार शोधून सापडणे कठीण.

तथापि या काळातील निर्णायक घटना मुत्सद्द्यांच्या दालनात घडलेली नाही. इटली-तुर्कस्तान युद्धात इटालियन आरमाराने डार्डानेल्सवर मारा केल्यामुळे एप्रिल १९१२ मध्ये तुर्कस्तानने सामुद्रधुनी व्यापारी जहाजांनाही बंद केली. ती काही आठवडेच बंद होती. तेवढ्यात धान्याने भरलेली जहाजे खोळंबली आणि दक्षिण रशियातील बंदरांचा व्यवहार ठप्प झाला. रशियाच्या एकंदर निर्यातीचा एक तृतीयांशाहून अधिक भाग आणि धान्य-निर्यातीचा फार मोठा हिस्सा या वाटेने जात असे. परकी कर्जाचे व्याज आणि कारखान्यांची यंत्रे यांचा खर्च त्याच धान्यातून भागत होता. १७७४ पासून जो हक्क गृहीत धरला होता तो दुसऱ्याच दोघांच्या युद्धामुळे हिरावला जाऊ शकतो, हे प्रथमच स्पष्ट झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बल्गेरियन सैन्य चाताल्जापर्यंत येऊन ठेपले तेव्हा रशियाने आपल्याच धर्माच्या आणि स्लाव्ह वंशाच्या या राष्ट्रालाही कॉन्स्टँटिनोपल घेऊ देण्यास विरोध केला. स्लाव्ह बंधुत्वाच्या घोषणांचे मोल किती होते याचे याहून चांगले माप नाही.

१९१३ च्या अखेरीस जर्मन सेनापती लिमान फॉन झांडर्स याची कॉन्स्टँटिनोपल येथील सैन्यदलावर नेमणूक झाली. आता म्हातारा पहारेकरी तरुण आणि बलाढ्य मालकाच्या चाकरीत जाणार अशी चिन्हे दिसू लागली. फेब्रुवारी १९१४ मध्ये सेंट पीटर्सबर्गला भरलेल्या विशेष परिषदेत सामुद्रधुन्या घेण्याचा विचार झाला, आणि त्यासाठी लागणारी सैन्यवाहू जहाजे व युद्धनौका आपल्यापाशी नाहीत असा कबुलीजबाब तेथेच देण्यात आला. ऑगस्टमध्ये ‘गोएबेन’ व ‘ब्रेस्लाऊ’ या जर्मन युद्धनौका डार्डानेल्समध्ये शिरल्या, सप्टेंबरअखेर सामुद्रधुनी पूर्णपणे बंद झाली, आणि २९ ऑक्टोबर १९१४ रोजी ओडेसा व सेव्हस्तोपोलवर गोळे पडले. १८२९ च्या समितीने ज्या परिस्थितीची भीती धरली होती, ती ही.

४ मार्च १९१५ रोजी साझोनोव्हने मित्रराष्ट्रांकडे लेखी मागणी केली : कॉन्स्टँटिनोपल शहर, बॉस्फरसचा पश्चिम तीर, मार्मारा व डार्डानेल्स, एनोस-मिडिया रेषेपर्यंतचा दक्षिण थ्रेस, आणि सक्कार्या नदीपर्यंतचा आशियाई किनाऱ्याचा भाग. ब्रिटनने १२ मार्च रोजी आणि फ्रान्सने १० एप्रिल रोजी होकार दिला. मागणीची वेळ अर्थपूर्ण आहे. ब्रिटिश-फ्रेंच आरमाराने १९ फेब्रुवारीपासून डार्डानेल्सवर मारा चालविला होता आणि ग्रीक सैन्यही येणार असे बोलले जात होते; रशियाने ग्रीकांच्या सहभागाला नकार दिला. शत्रूने दार अडविले होते, आणि आता मित्र ते ताब्यात घेण्याच्या बेतात होते. महत्त्वाकांक्षेइतकीच ही भीतीही त्या मागणीच्या मुळाशी होती. हे वचन कधीच वटले नाही. मे १९१७ मध्ये मिल्युकोव्हला युद्धहेतूंविषयीच्या त्याच्या आग्रहापायी परराष्ट्रमंत्रिपद सोडावे लागले, आणि नोव्हेंबरनंतर बोल्शेव्हिकांनी गुप्त करार वृत्तपत्रांतून छापून टाकले.

नव्या राजवटीने झारशाहीचा वारसा नाकारला. तरी १९२२-२३ मध्ये लोझान येथे चिचेरिनने मांडलेली भूमिका नेसेलरोडला परकी वाटली नसती : व्यापारी जहाजांना वाट खुली, युद्धनौकांना बंद. कर्झनने वाट खुली ठेवण्याचा आग्रह धरला आणि तो तडीस गेला. सोव्हिएत संघाने त्या करारावर सही केली, परंतु तो कायम केला नाही. २० जुलै १९३६ च्या माँत्रो कराराने हा तोल बदलला. तुर्कस्तानला सामुद्रधुन्यांवर पुन्हा लष्करी हक्क मिळाला. काळ्या समुद्राबाहेरील राष्ट्रांच्या युद्धनौकांचे एकूण वजन सामान्यतः ३०,००० टन आणि विशेष परिस्थितीत ४५,००० टन, व मुक्काम २१ दिवस, एवढे मर्यादित झाले. तटवर्ती राष्ट्रांना शांततेत पुष्कळ मोकळीक राहिली. शिवाय एकोणिसाव्या कलमाने असे ठरविले की तुर्कस्तान तटस्थ असताना युद्धमान राष्ट्रांच्या युद्धनौकांना वाट मिळू नये; आपल्या मूळ तळाकडे परतणाऱ्या नौकांना मात्र अपवाद होता. आपल्यापुरते बरेच उघडे आणि जगाला बरेच बंद, असे दार रशियाला इतिहासात प्रथमच, आणि तेही एकही गोळी न झाडता, मिळाले.

याच कराराविषयी मॉस्कोने दशकभरात जे केले ते निकोलसच्या १८५३ मधील वर्तनाची आठवण करून देते. नोव्हेंबर १९४० मध्ये मोलोटोव्हने जर्मनीकडे सामुद्रधुन्यांच्या परिसरात तळ मागितला. मार्च १९४५ मध्ये तुर्कस्तानबरोबरचा १९२५ चा मैत्रीतह रद्द करण्याची सूचना दिली, जूनमध्ये तळांबरोबर कार्स व अर्दाहान या प्रदेशांचीही मागणी झाली, आणि ७ ऑगस्ट १९४६ च्या खलित्यात सामुद्रधुन्यांचे संरक्षण संयुक्तपणे करण्याचा आग्रह धरला गेला. दुबळ्या शेजाऱ्यावर दडपण आणले की तो दुसऱ्या बलवानाचा आश्रय शोधतो, हे १८३३ मध्ये रशियाच्याच लाभाचे ठरलेले सूत्र या वेळी उलटे फिरले. मार्च १९४७ मध्ये ट्रूमनने ग्रीस व तुर्कस्तानसाठी साहाय्य मागितले. १८ फेब्रुवारी १९५२ रोजी तुर्कस्तान नाटोचा सदस्य झाला. स्टालिनच्या मृत्यूनंतर, ३० मे १९५३ रोजी, सोव्हिएत सरकारने प्रदेशांवरील मागणी सोडल्याचे कळविले. तोपर्यंत उशीर झाला होता.

माँत्रो करार मात्र टिकला. त्याची मूळ मुदत वीस वर्षांची. ती संपल्यावरही कोणत्याही राष्ट्राने तो मोडण्याची सूचना दिलेली नाही. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर चढाई केली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस तुर्कस्तानने या संघर्षाला युद्ध मानून एकोणिसावे कलम लागू केले. पश्चिमी राष्ट्रांच्या युद्धनौकांनीही त्या समुद्रात येऊ नये असे तुर्कस्तानने सुचविले, आणि त्या आल्या नाहीत. १४ एप्रिल २०२२ रोजी काळ्या समुद्रातील रशियन आरमाराची ध्वजनौका ‘मोस्कवा’ बुडाली. तिच्या जागी रशियाच्या इतर आरमारांतून नौका आणणे शक्य नव्हते. त्यांचे मूळ तळ काळ्या समुद्रात नसल्यामुळे १९३६ मध्ये मॉस्कोने संमती दिलेल्या कलमानुसार त्यांना वाट बंद होती.